कोनाड्यातली चीजची ढेप

नाना, आधी एवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत ऐकाल. ढेप कोणी फेकली नाही. उंदरांनी खाल्ली नाही. विहिरीतही पडली नाही. एकदा माझ्या हातून पडता पडता राहिली, पण ते तुम्हाला सांगायची खरं तर गरज नव्हती.

बाकीचं सावकाश सांगतो. कोण कोण आलं, दशक्रियेच्या घाटावर भाषणं किती लांबली, आणि एका वक्त्यानं तुम्हाला न विचारता ‘शांत, मितभाषी व्यक्तिमत्त्व’ कसं करून टाकलं. तुम्ही आणि मितभाषी! तुम्ही सायखेड्यात फोनवर बोलायला लागलात की गोदावरीच्या पलीकडे चांदोरीत ऐकू जायचं. फोन तुम्ही नुसता शोभेला कानाशी धरायचात.

आपण दोघं साडू. म्हणजे दोन बहिणींनी दोन परक्या पुरुषांना एकमेकांच्या गळ्यात बांधलं आणि वर सांगितलं, आता जमवून घ्या. तुम्ही थोरल्या मंगलताईंचे, मी धाकट्या सुनंदाचा. तुमची द्राक्षबाग, कांदे, गोठ्यात गाई. माझं नाशकात द्वारकेला चष्म्याचं दुकान. आमच्या लग्नात तुम्ही माझ्या नाकावरचा चष्मा उचलून स्वतःच्या डोळ्यांना लावलात आणि भर मांडवात विचारलंत, ‘आवो, ह्यांना नवरी दिसते का पण नीट?’ त्या दिवसापासून मी तुमचा ‘चष्मेवाले’ झालो. दिलीप हे नाव तुम्ही फक्त पत्रिकेवर वाचलं असेल.

माझं चीजचं वेड तुम्हाला माहीत होतं. ते किती खोल आहे हे मात्र सुनंदालाच माहीत. म्हणून ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीखाली चीज लपवून ठेवते, आणि म्हणून आमच्या घरात मेथी निवडायला मी कायम तयार असतो. लहानपणी वडिलांचे एक मित्र मुंबईहून येताना चीजचा पत्र्याचा डबा आणायचे. आई त्यातलं नखाएवढं चीज पोळीच्या एका कोपऱ्यावर ठेवायची, औषध दिल्यासारखं. मी बाकीची पोळी भराभर संपवायचो आणि तो कोपरा शेवटी खायचो. पुढे स्वतःच्या दुकानाचा मालक झालो तेव्हा लोकांनी विचारलं, आता काय करणार? मी मनात म्हटलं, सगळी पोळी कोपऱ्यासारखी खाणार.

आणि खाल्ली, नाना. सकाळी पोळीबरोबर चीज, दुपारी डब्यातल्या बटाट्याच्या भाजीवर, रात्री थालीपिठावर. वरणभातावर तुपाच्या जागी किसून. ताप आला की मऊ भातात कालवून. एकदा साबुदाण्याच्या खिचडीवर घातलं, तर उपासाला चीज चालतं का, हे सुनंदा भिशीतल्या बायकांना फोन करून विचारत बसली. निकाल लागेपर्यंत माझा उपास खाऊन झाला होता.

आपलं भांडण सुरू झालं ते मिसळीवरून. आठवतं का? रविवार होता, दोन्ही बहिणी बरोबर होत्या, आणि मी माझ्या मिसळीवर वरून चीज मागवलं. पोऱ्यानं ते किसून टाकलं. तुम्ही पापड हातात धरून माझ्या ताटलीकडे बघत राहिलात.

‘हे काय टाकलं?’

‘चीज.’

‘रस्स्यात?’

‘छान वितळतं, नाना.’

‘साबण बी वितळतो.’

शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. तुम्हाला तेवढं पुरे होतं. तुम्ही माझ्याकडे पाठ करून त्यांनाच सांगायला लागलात, ‘आमच्याकडं दूध नासलं तर त्या दिवशी घरात कोणी धड बोलत नाय. आन हे शहरातले लोक नासलेलं इकत आणून रस्स्यात घालत्यात. आता बोला!’

हे तुमचं ‘आता बोला’ म्हणजे चर्चेला कुलूप असायचं. त्यानंतर कोणी बोललेलं तुम्हाला चालत नसे. पण मी बोललो. मी म्हणालो, ‘चीज ही कला आहे, नाना. नुसतं दूध असून भागत नाही. आपल्याकडे नाही व्हायचं ते.’

‘आपल्याकडं म्हंजे? सायखेड्यात का नाशकात?’

‘दोन्हीकडे.’

‘माझ्या गाईंच्या दुधाचं?’

‘कोणाच्याही.’

तुम्ही पापड खाली ठेवलात. घरी जाताना ताई सुनंदाला हळूच म्हणाल्या म्हणे, ‘तुझ्या नवऱ्यानं आज काय केलं त्याला कळलं नाय. ह्यांनी पापड अर्धा टाकला.’

मग जे सुरू झालं ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि बरंचसं पोटानं सोसलं. पहिल्या वेळी तुम्ही दुधात लिंबू पिळलंत. मी सांगितलं, हे पनीर आहे. तुम्ही म्हणालात, ‘म्हंजे गावात तर पोचलो. आता घर शोधायचं.’ मग मी चीजचं विरजण मागवून दिलं. ताई माळकरी, म्हणून ते शाकाहारी आहे ना, हे तुम्ही डबीवरचा हिरवा ठिपका माझ्या दुकानातलं भिंग लावून तपासून घेतलंत. ती ढेप तुम्ही पिंपळगावला ओळखीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षांच्या पेट्यांशेजारी ठेवलीत. तिथून माणसाचा फोन आला, ‘नाना, तुमचा साबण घेऊन जा, तपासणीवाले आलेत, मला सांगता येईना ही कोणती जात.’ तो दुसऱ्यांदा निघालेला साबण तुमच्या जिव्हारी लागला.

पुढची ढेप पावसाळ्यात कांद्याच्या चाळीत. आजूबाजूला छपरापर्यंत कांदा, आणि मध्ये फळीवर आपली ढेप. तिनं तो कांदा इतका मनावर घेतला की ती खाऊन मी घरी गेलो तेव्हा सुनंदानं माझी गादी गॅलरीत घातली. तुम्ही मात्र हार मानायला तयार नव्हता. ‘चव कांदाभज्याची हे. भजी न तळता भज्याची चव आली, आता बोला!’ आणि हो, कष्टाचं चीज ही कोटी तुम्ही पहिल्याच दिवशी करून टाकलीत, मग रोज केलीत, त्यामुळे ती मला आज करता येत नाही. तेवढी एक तरी माझ्यासाठी ठेवायची होती.

शेवटी विहीर तुम्हाला सुचली. मळ्यातली जुनी, दगडी पायऱ्यांची विहीर. पाणी आता मोटारीनं येतं, पायऱ्या कोणी उतरत नाही. खाली, पाण्याच्या थोडं वर, भिंतीत हातभर खोल कोनाडा आहे. दिवाळीनंतर थंडी पडली तशी तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि माझा हात धरून त्या कोनाड्यात घातलात. ‘बघा. देवानं फ्रिज दिलाय.’

ती ढेप आपण दोघांनी केली, म्हणजे तुम्ही केलीत आणि मी चष्मा पुसत उभा राहिलो. दुधात कोपर बुडवून तुम्ही ऊब बघितलीत, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तशी. दही धरलं तसं लांब सुरीनं कापलंत, गाळलंत, कापडात बांधून त्यावर जुन्या तराजूची लोखंडी वजनं रचलीत. निवळीची ताईंनी कढी केली. दुसऱ्या दिवशी ढेप मिठाच्या पाण्यात, मग वाऱ्यावर, मग तुमच्या जुन्या धोतराच्या मऊ कापडात घट्ट गुंडाळून वरून तूप चोळलेलं. लग्नातल्या नवऱ्या मुलाला हळद लावावी तसं तुम्ही तूप लावत होता. कोनाड्यात ठेवून वर आलात आणि म्हणालात, ‘रोज उलटायची. बुरशी ब्रशनं झाडायची. आन पाडव्यापर्यंत कापायची नाय, कोणी पाया पडलं तरी.’ 

त्या शेवटच्या चार शब्दांचं पुढे काय होणार होतं, ते तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही जरा जपून बोलला असता.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. द्राक्षांची तोडणी चालू होती, मागून बायांचा गलका ऐकू येत होता. तुम्ही म्हणालात, ‘चष्मेवाले, पाडव्याला यायचं. येताना तुमची ती दुकानातली डबी आणायची. माझी ढेप आन तुमची डबी, शेजारी शेजारी. मधी भाकरी. बघू भाकरी कोणाकडं जाते.’

‘हराल, नाना.’

‘हरलो तर तुमच्यासमोर मिसळीवर घालून खाईन.’

‘आणि मी हरलो तर?’

तुम्ही जरा विचार केलात. ‘तर विहिरीच्या काठावर उभं राहून वराडायचं, नाना जिंकले. चांदोरीत ऐकू गेलं पाहिजे.’

मी म्हटलं, कबूल. फोन ठेवला. त्याच आठवड्यात सकाळी बागेत, हातात कात्री आणि पायाशी अर्धा भरलेला क्रेट असताना तुम्ही गेलात. त्यावर मी काही लिहिणार नाही. लिहायला बसलो की तो अर्धा क्रेटच दिसतो.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. शेजारच्या घरांतून कडू घासाची पिठलं-भाकरी येत होती. तुमचे थोरले बंधू अप्पा भिंतीला टेकून, कोणाकडे न बघता बसले होते. सुनंदा ताईंच्या गळ्यात पडली. मी पुढे जाऊन नुसता उभा राहिलो. अशा वेळी काय बोलतात ते मला अजून येत नाही. ताईंनी वर पाहिलं. तुमच्यामागं त्या माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलल्या ते हे:

‘दिलीपराव, कालपासून उलटली नाय ती.’

घरात सगळ्यांना सुतक, मला नाही. साडू या नात्याला शास्त्रात काही स्थान नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा आनंदानं ऐकलं. मी विहिरीकडे निघालो. पायऱ्यांवर शेवाळ, म्हणून चपला वर काढून ठेवल्या. गुडघे वाजत होते. कोनाड्यापाशी दगड पुढे आलेला आहे, डोकं आपटू नये म्हणून खाली वाकावं लागतं. ढेप बाहेर काढली, उलटली. बुरशी झाडायला ब्रश सापडेना, तेव्हा खिशातलं चष्मा पुसायचं फडकं काढलं. तिथेच ती निसटली होती, नाना. पोटावर झेलली. हे पोट बघून तुम्ही एवढं हसायचात, त्यानं त्या दिवशी तुमची अब्रू वाचवली.

मग रोजचंच झालं. पहाटे अंघोळ करून निघायचं, मळ्यात जायचं, ढेप उलटायची, परत येऊन दुकान उघडायचं. सुनंदानं विचारलं, ‘आणि सकाळची गिऱ्हाईकं?’ मी म्हटलं, ‘दुपारपर्यंत धूसर बघतील.’ मी असा नेमाचा माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. व्यायामाच्या सायकलवर मी टॉवेल वाळत घालतो. पण त्या कोनाड्याशी वाकलं की वाटायचं, तुमचं-माझं भांडण अजून चालू आहे, आणि ते चालू आहे तोवर तुम्ही गेलात असं म्हणता येत नाही.

अडचण आली अप्पांकडून. एका संध्याकाळी चार माणसांत ते म्हणाले, ‘ते विहिरीतलं टाकून द्या. दूध नासवून, गुंडाळून ठेवायचं हे काय? अपशकुन हे. सांगत व्हतो मी नानाला. ऐकलं नाय, आन बघा काय झालं.’

ताईंनी पदर तोंडाशी धरला. मी ताईंकडे बघत होतो, आणि मला दिसलं की ते वाक्य त्यांच्या आत कुठंतरी जाऊन बसलं. त्या क्षणी मला समजलं, ही आता खाण्यापिण्याची गोष्ट राहिली नाही. ती ढेप फेकली असती, तर तुम्ही हातानं केलेली शेवटची वस्तू या घरात कायमची अपशकुन म्हणून राहिली असती. ताईंनी जन्मभर दर वेळी दूध तापवताना तेच आठवलं असतं. ती ढेप पाडव्यापर्यंत टिकायला हवी होती, आणि टिकून चांगली निघायला हवी होती. यातलं पहिलं माझ्या हातात होतं. दुसरं तुमच्या.

तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतःच उठले. ‘मीच टाकतो गोबरगॅसात,’ म्हणाले आणि विहिरीकडे चालू लागले. मी मागे. ‘अप्पा, पाडव्यापर्यंत थांबा,’ ‘अप्पा, त्यांची इच्छा होती,’ ‘अप्पा, शेवाळ आहे, जपून.’ अप्पा पायऱ्या उतरले, कोनाड्यासमोर गेले आणि जागच्या जागी थांबले.

ढेपेला हळदकुंकू लावलेलं होतं. वर झेंडूचं फूल. पुढे खोबऱ्याची वाटी.

नाना, मी शपथेवर सांगतो, यात माझा हात नव्हता. म्हणजे होता, पण मला माहीत नव्हतं. तुमच्या बागेत तोडणीला आलेल्या बाया रोज सकाळी बघत होत्या: पाव्हणा अंघोळ करून येतो, चपला काढतो, विहिरीत उतरतो, काहीतरी पांढरं गोल हातात घेऊन हळूच पुसतो, परत ठेवतो आणि वाकून निघतो. विहिरीत आसरा असतात हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी हिशेब जुळवला की नानांनी जाता जाता विहिरीच्या देवी बसवल्या आणि पूजेचं काम साडूला दिलं.

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. हात जोडले. मग म्हणाले, ‘नानानं आसरा बसवल्या व्हय? मला बोलला नाय.’

मी खोटं बोललो नाही, नाना. फक्त खरं सांगायला तोंड उघडलं नाही.

त्यानंतर माझं काम दुप्पट झालं. बुरशी झाडायची पण कुंकू पुसायचं नाही. तूप लावायचं पण हळद जपायची. एकदा कोनाड्यात उदबत्ती लावलेली दिसली, ती मी आधी विझवली, कारण धुराची चव ढेपेत उतरली असती तर आपण कांद्यावरून धुरावर आलो असतो. मी बायांना सांगितलं, ‘देवीला धूर सोसत नाही.’ ही मात्र शुद्ध थाप. पण तुमच्या बायांनी ती इतक्या भक्तिभावानं पाळली की दुसऱ्या दिवसापासून कोनाड्याच्या आसपास कोणी बिडीसुद्धा ओढू देईना.

आणि पाडवा आला. तुमच्यानंतरचा पहिला सण, त्यामुळे घरावर गुढी नाही, चुलीवर पुरण नाही. दुखवट्याच्या सणाला यायचं म्हणून पाहुणे आले, त्यांनीच आपापल्या घरचे डबे आणले. अंगणात सगळे खाली मान घालून बसलेले. मी कबूल केल्याप्रमाणे चीजची डबी आणली होती, पिशवीत लपवून. ताई दारात येऊन म्हणाल्या, ‘आणा वर.’

‘ताई, एवढी माणसं बसलीत.’

‘म्हणूनच.’

मी खाली गेलो, ढेप छातीशी धरून वर आलो. बागेतल्या बाया काम टाकून मागोमाग आल्या. मी अंगणात शिरलो तसे अप्पा ताडकन उठले. ‘दिलीपराव! देव हलवता?’

सगळ्या माना वर झाल्या. चष्म्यावर घाम आला, पुसायला हात मोकळे नव्हते. इतके दिवस तोंड न उघडून मी जे निभावून नेलं होतं, ते आता सगळं माझ्या अंगावर येणार होतं.

ताई पायरी उतरून आल्या. ‘अप्पा, देव नाय ती. दूध हे. आपल्या गाईंचं. तुमच्या भावानं केलेलं.’

‘मंगल, कुंकू लावलंय तिला. कापणार तू?’

‘त्यांनी कापायलाच केली व्हती.’

मग तोडणीच्या बायांची जी मुकादम होती ती मागून म्हणाली, ‘कापा की बाई. आमाला काय ठावं, दिसलं देवावानी म्हणून लावलं कुंकू. आन देवाचं तरी काय, शेवटी परसाद खायाचाच असतो ना?’ दुसरी म्हणाली, ‘म्या तर नारळ फोडलाय तिच्यापुढं. मला मोठा तुकडा पायजे.’

अप्पा अजून उभेच. ‘नासलेलं दूध हे ते, मंगल.’

‘नासलंय का नाय ते खाऊन सांगा,’ ताई म्हणाल्या. ‘बसून खा. उभ्यानं नको.’

ताईंचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. तुमच्या जागेवरून आला तो आवाज.

त्यांनी कापड सोडवलं. तुपानं कडक झालेलं धोतर पापुद्र्यासारखं निघत गेलं. सुरी आधी अडली, मग एकदम आत गेली. ढेप दोन भाग होऊन उघडली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. नाक तेवढं शाबूत होतं. पहिला वास तुपाचा, मागून भाजलेल्या शेंगदाण्याचा, आणि त्याच्याही मागून, अगदी पुसट, दुपारच्या गोठ्याचा. रंग जुन्या हस्तिदंताचा. कांदा नाही. धूर नाही. साबण तर नाहीच नाही.

ताईंनी पहिला तुकडा भाकरीवर ठेवून अप्पांना दिला. अप्पा बसले. घास घेतला. ते चावत राहिले आणि आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत राहिलो. त्यांनी गिळलं. हात पुढे केला. ताईंनी दुसरा तुकडा दिला. तोही गेला. मग म्हणाले, ‘मीठ बरोबर पडलंय.’ तिसरा तुकडा त्यांनी स्वतःच उचलला, भाकरीशिवाय. आणि तो खाताना, तुम्ही गेल्यापासून एकदाही न रडलेल्या अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. उपरण्यानं पुसत म्हणाले, ‘जरा झोंबतं.’

ती ढेप झोंबणारी नाही, नाना. मला चीजमधलं तेवढं कळतं.

मग मी खाल्लं. आधी तुमच्या अटीप्रमाणे पिशवीतून डबी काढून शेजारी ठेवली, मध्ये भाकरी. एक घास ढेपेचा घेतला. नाना, मी जन्मभर ज्या कोपऱ्यासाठी सगळी पोळी भराभर संपवत आलो, तो कोपरा हा होता. सुरुवातीला गोडसर, मग जिभेच्या दोन्ही बाजूंना आंबटाची बारीक चिमटी, आणि घास गेल्यावरही तोंडात बराच वेळ काहीतरी भरल्यासारखं राहणारं. ज्वारीच्या भाकरीवर तर असं बसलं, की ही दोघं लहानपणापासून शेजारी राहत असावीत. अंगणात हात पुढे येत होते. बायांनी तुकडे पदरात बांधून घेतले. कोणीतरी मिरचीचा ठेचा आणला, कोणी द्राक्षाचा घड ठेवला. दुखवट्याच्या सणाला असं कोणी जेवलं नसेल. माझ्या डबीकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. ती झाकण लावलेली तशीच तिथं, लग्नात चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखी.

ताई सगळ्यांना वाढत होत्या. एका पाहुणीनं विचारलं, ‘हे मिळतं कुठं?’ ताईंनी मान ताठ करून सांगितलं, ‘मिळत नाय. आमच्याकडं करतात.’

अपशकुन कुठल्या कुठे गेला होता.

मी हात धुतले आणि विहिरीच्या काठावर गेलो. सुनंदाला वाटलं, मला एकट्याला रडायचंय. तिनं लोकांना थांबवलं. मी घसा साफ केला. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, समोरच्या गिऱ्हाइकाला नंबर सांगण्यापुरता. पण त्या दिवशी कुठून आला कोण जाणे. ‘नाना जिंकले!’ मी ओरडलो. झाडांवरचे पक्षी उठले. गोठ्यात गाई हंबरल्या. पुन्हा ओरडलो. मग मागून मुकादमबाईनं सूर लावला, मग सगळ्या बायांनी, आणि शेवटी काठी टेकत आलेल्या अप्पांनी. ताई दारात उभ्या राहून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. चांदोरीत ऐकू गेलं का ते मला सांगता येणार नाही, पण एका पाहुण्याला गोदावरीच्या पुलावरून फोन आला, मळ्यात निवडणूक होती का म्हणून.

माझे वडील गेले तेव्हा तुम्ही आला होतात. दिवसभर माझ्या शेजारी बसलात, एक शब्द बोलला नाहीत. तुम्हाला ते किती जड गेलं असेल! संध्याकाळी उठताना एवढंच विचारलंत, ‘भाकरी खाल्ली का?’ त्याचे आभार मानायचे राहिले होते. आपल्यात तशी पद्धत नव्हती, आपल्यात भांडायची पद्धत होती. म्हणून आभार त्या आरोळीतच घातले आहेत, तिथून काढून घ्या.

तर आता कोनाडा रिकामा नाही. ताईंनी नवी ढेप लावली. ह्या वेळी दुधाची ऊब त्यांनी स्वतःच्या कोपरानं बघितली, तुमच्यापेक्षा नीट. मला रोज यायची गरज उरली नाही, कारण ढेप अप्पा उलटतात. अंघोळ करून, चपला वर काढून, टोपी हातात घेऊन. आता ती दूध आहे हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, तरी वाकतात. दगड खाली आहे, म्हणतात.

आणि निघताना ताईंनी मला फडक्यात बांधून एक तुकडा दिला. वर दम भरला, ‘रस्स्यात घालाल तर याद राखा. ह्यांचा जीव तळमळेल.’

आज रविवार. सुनंदानं घरीच मिसळ केली. मटकी, तिखट रस्सा, वरून शेव, शेजारी पापड. मी दार लोटून घेतलं, फडकं सोडलं आणि तुमची ढेप रस्स्यावर बारीक किसली. ती लगेच वितळली नाही. क्षणभर तशीच राहिली, जरा ताठ, तुमच्यासारखी. मग हळूहळू तिखटात उतरली.

नाना, अप्रतिम लागलं. आता बोला.